नकुशी : एका नावाची गोष्ट

मंडळी, आणि विशेष करून शाळेतले गुरुजी व बाई,

रोज सकाळी आपण वर्गात हजेरी घेता. एकेक नाव उच्चारता आणि पोरे 'हजर' म्हणून उठतात. शारदा, कृष्णा, मंगल, सुनंदा. या प्रत्येक नावामागे घरच्यांची काही इच्छा असते. कुणी देवीची आठवण ठेवली, कुणी नदीची, कुणी आजीची. पण पश्चिम महाराष्ट्रातल्या, त्यातही सातारा जिल्ह्यातल्या खेड्यांत शिकवलेल्या शिक्षकांना हजेरीपटावर आणखी एक नाव भेटलेले असते. ते नाव म्हणजे नकुशी. कुठे नकुसा म्हणतात, कुठे नकोशी, आणि मुलगी मोठी झाली की नकुसाबाई. आज या एका नावाची हकीकत सांगायची आहे. ते आले कुठून, ठेवतात कशासाठी, आणि त्याचे पुढे काय झाले, एवढेच.

आधी शब्द पाहू. 'नको' हा आपल्या भाषेतला फार कामाचा शब्द. तो इतका सोयीचा की मराठी मुलुखाच्या शेजारी, हैदराबादकडच्या दखनी बोलीनेसुद्धा तो उचलला आणि तिकडे त्याचा 'नक्को' झाला. या 'नको'पासून नकोसा, नकोशी, नकोसे असे विशेषण होते. उन्हाळ्यात प्रवास नकोसा होतो, आजारपणात भाकरी नकोशी होते, गोंगाट नकोसे करून सोडतो. व्याकरणाने पाहिले तर 'नकोसा' हे पुल्लिंगी रूप आणि 'नकोशी' हे स्त्रीलिंगी. पण नाव म्हणून 'नकुसा' काय आणि 'नकुशी' काय, दोन्ही वाट्याला येतात ती मुलीच्याच. नकुसा नावाचा मुलगा तुमच्या पाहण्यात आहे का, आठवून बघा बरं.

आता हे नाव ठेवतात कधी? पहिल्या मुलीचे नाव सहसा नकुशी नसते. दुसरी झाली, तिसरी झाली, घरात सगळ्यांचे डोळे मुलाकडे लागलेले, आणि पुन्हा मुलगीच आली, की आजी नाही तर आजोबा म्हणतात, "हिचं नाव नकुशी ठेवा, म्हणजे देवाला कळेल." पंगतीत वाढपी आला की आपण पानावर हात आडवा धरून म्हणतो ना, "नको, आता पुरे"? तसाच हा प्रकार आहे. देव वाढपी, आणि मुली म्हणजे पानात पुन्हा पुन्हा पडणारा नको असलेला पदार्थ. त्याला थांबवण्यासाठी पुढे केलेला हात म्हणजे हे नाव.

ही समजूत एकट्या आपल्याच मुलखातली नाही. राजस्थानात 'धापू' असे मुलीचे नाव असते. धापणे म्हणजे पोट भरणे, आता मुली पुरे झाल्या. तिकडे आणि हरियाणात 'अंतिम' हेही नाव आहे, ही शेवटचीच असो म्हणून. बंगालमध्ये 'आन्नाकाली' आहे. 'आर ना, काली', म्हणजे कालीमाते, आणखी नको, असा तिचा अर्थ. तमिळ मुलखात 'वेण्डा' आहे, तिचाही अर्थ नकोच. फार काय, चीनमध्ये मुलीला 'चाओ-दी' नाव देत, म्हणजे 'धाकट्या भावाला बोलावून आण'. भाषा निराळ्या, देव निराळे, पण गाऱ्हाणे तेच.

इथे कुणी म्हणेल, "अहो, आपल्याकडे दगडू, धोंडू, केरबा, भिकू अशी नावे आहेतच की! त्यात काय एवढे?" प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी लहान मुले फार दगावत. एक गेले, दोन गेली, मग जे जगले त्याला दृष्ट लागू नये, मृत्यूची नजर त्याच्यावरून निघून जावी म्हणून मुद्दाम हलके नाव ठेवीत. दगडाला कोण नेणार? केरकचऱ्याकडे कोण पाहणार? कुणी मुलाचे नाक टोचून त्याला मुलीसारखे वाढवी आणि नथू म्हणे. अशी नावे मुलींचीही असत. दगडाबाई, धोंडाबाई, भिकाबाई ही नावे आपण ऐकलेली आहेत. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, त्या महिन्यात जन्मल्यामुळेही कुणी धोंडू होई. ही नावे कानाला ओबडधोबड लागतात खरी, पण त्यांच्या पोटात माया आहे. 'हे मूल आमच्यापाशी राहू दे' असे ती नावे सांगतात.

नकुशी हे नाव वरून त्याच जातीचे वाटते, पण त्याचा अर्थ अगदी उलटा. दगडू म्हणणारी आई काळाला फसवत असते. नकुशी म्हणणारे घर कुणाला फसवत नाही, मनात आहे तेच बोलून दाखवते. म्हणून ही दोन नावे एका पारड्यात तोलू नयेत. दगडाबाईला तिच्या नावाचा अर्थ विचारला तर ती हसून सांगेल, "माझ्या आधीची चार गेली, म्हणून मी दगड." नकुशीने आपल्या नावाचा अर्थ सांगायचा तो कसा?

आणि तिला तो रोज सांगावा लागतो. आपल्याकडे पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात. सटवाईने काय लिहिले ते आजवर कुणी वाचलेले नाही. पण 'नकुशी' ही अक्षरे आपण लिहिली, ती सगळ्या गावाला वाचता येतात. बारशाला आत्याबाई कानात 'कुर्र' करून नाव सांगते, तेव्हा त्या बाळाला काही कळत नाही. कळते ते पुढे. शाळेत पहिल्या दिवशी नाव विचारतात आणि शेजारची पोरे हसतात, तेव्हा कळते. पाहुण्यांसमोर कुणी हाक मारते, तेव्हा कळते. पुढे लग्नात ताटातल्या तांदळात नवे नाव लिहून सासरी ते बदलायची चाल होती. तेवढ्यानेच कित्येकींची या नावातून सुटका होई. म्हणजे पहिले नाव घरच्यांनी ठरवले, दुसरे सासरच्यांनी. तिला स्वतःला कुणी विचारले नाही ते नाहीच.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. या नावाचा उपयोग होतो का? पुष्कळ ठिकाणी म्हातारी माणसे शपथेवर सांगतात, "आमच्या वाड्यात नकुशी झाली आणि तिच्या पाठीवर मुलगा झाला." ती माणसे खोटे बोलत नाहीत. पण जरा हिशेब करून बघू या. पाटीपेन्सिलीचाच हिशेब आहे.

मुलगा होणार की मुलगी, हे जवळजवळ छापाकाट्यासारखे असते. शंभर घरांत नकुशी आहे असे धरा. पुढच्या बाळंतपणात त्यांतल्या पन्नासएक घरी मुलगा होणारच, नाव काहीही ठेवा. उरलेल्या पन्नास घरांनी आणखी वाट पाहिली, तर त्यांतल्या पंचवीसेक घरी त्या खेपेला मुलगा होईल. म्हणजे दोन बाळंतपणांत शंभरातली पंचाहत्तर घरे म्हणायला मोकळी, की नावाचा गुण आला! तिसऱ्या खेपेला हा आकडा सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीवर जातो. ज्यांच्या घरी मुलगा झाला ते गावभर सांगतात. ज्यांच्या घरी झाला नाही ते गप्प बसतात. ऐकणाऱ्याला वाटते, नावात काही शक्ती आहे. मंडळी, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तशातली ही गोष्ट. ज्या घरांनी मुलीचे नाव लक्ष्मी ठेवले त्यांच्याकडेही हाच आकडा येईल. गुरुजी, वरच्या वर्गात हा हिशेब नाणे उडवून मुलांकडून करून घ्या. शंभर वेळा नाणे उडवायला फार वेळ लागत नाही, आणि पोरे तो धडा विसरत नाहीत.

दुसरी गोष्ट शास्त्राची. मुलगी झाली की बोल लागतो तो आईला. "हिच्या पोटी मुलगे नाहीत," असे सासू म्हणते आणि शेजारीण मान डोलावते. खरे काय आहे? माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांतल्या एका जोडीवर मुलगा की मुलगी हे ठरते. स्त्रीकडे त्या जोडीत दोन्ही सूत्रे 'एक्स' असतात. पुरुषाकडे एक 'एक्स' आणि एक 'वाय'. आईकडून बाळाला एक्सच मिळू शकतो, कारण तिच्याजवळ दुसरे काही नाहीच. वडिलांकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. म्हणजे निवाडा होतो तो बापाकडून आलेल्या सूत्रावर, आणि त्यातही बापाची इच्छा चालत नाही. ही गोष्ट १९०५ साली उजेडात आली. नेटी स्टीव्हन्स नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी एका लहानशा भुंगेऱ्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ती दाखवून दिली, आणि त्याच सुमारास एडमंड विल्सन यांनीही तोच निष्कर्ष काढला. या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी बाळंतिणीच्या खोलीत अजून आईच अपराधी ठरते. तेव्हा नकुशीची आई भेटली तर तिला हे जरूर सांगा. तिच्या मनावरचे मोठे ओझे उतरेल.

मग नको का वाटते मुलगी? याची कारणे आपणा सर्वांना ठाऊक आहेत. 'मुलगी म्हणजे परक्याचे धन', ती सासरी जाणार. लग्नाचा खर्च आणि हुंडा. म्हातारपणी सांभाळायला मुलगा हवा. अग्नी द्यायला मुलगा हवा. जमीन घराबाहेर जाऊ नये. यांतली एकेक गाठ कायद्याने सैल केली आहे. हुंड्याला १९६१ च्या कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्रात १९९४ साली, आणि साऱ्या देशात २००५ साली, हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा वाटा मिळाला. पण कायदा पुढे जातो आणि मन मागे रेंगाळते. मुलीच्या नावावर सातबारा चढवताना घरात किती वादळ होते, ते खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

आता एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. हजेरीपटावर नकुशी कमी झाल्या, एवढ्यावरून आनंद मानता येत नाही. पूर्वी मुलगी जन्मल्यावर तिला 'नको' म्हणत. पुढे पोटातले मूल दाखवणारी यंत्रे आली आणि ती जन्मण्याआधीच 'नको' म्हणणारे निघाले. जिला नकुशी म्हटले ती निदान जगली, शाळेत आली, हजर म्हणाली. जिला जन्मच दिला नाही तिला नावही नाही आणि पटावर रेघही नाही. निसर्गाच्या हिशेबाने जन्मताना हजार मुलांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली असतात. महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतल्या बालकांत हजार मुलांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३ झाल्या आणि २०११ साली ८९४ वर आल्या. हे आकडे शिरगणतीचे आहेत. या तपासण्यांना आळा घालण्याचा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. पाठोपाठ १९९४ साली देशाचा कायदा झाला. गर्भाचे लिंग सांगणे आणि विचारणे, दोन्ही गुन्हा आहे, हे प्रत्येक ग्रामसभेत पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

या साऱ्याच्या मध्ये २०११ साली सातारा जिल्ह्यात एक चांगली गोष्ट घडली. नकुशी नावाच्या मुली कुठे कुठे आहेत याचा गावोगाव शोध घेतला गेला, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात साताऱ्यास समारंभ करून २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. मुली नवे कपडे घालून, केसांना पिना लावून आल्या होत्या. प्रत्येकीच्या हाती नव्या नावाचे प्रमाणपत्र आणि फुले दिली. कुणी आवडत्या नटीचे ऐश्वर्या हे नाव घेतले, कुणी वैशाली झाली, कुणी सावित्री. यात मला सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. त्यांतल्या कित्येक मुलींनी आपले नाव आपण निवडले. आत्याबाईने नव्हे, सासूने नव्हे, त्यांनी स्वतः. ज्या सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायला सुरुवात केली, त्यांचे जन्मगाव नायगाव याच सातारा जिल्ह्यात आहे. तेव्हा साताऱ्याच्या एखाद्या नकुशीने सावित्री व्हावे, हे मोठे शोभून दिसते.

शिक्षक मंडळींसाठी आता थोडे व्यवहाराचे बोलतो. आपल्या वर्गात नकुशी असेल तर तिच्या नावाचा अर्थ वर्गापुढे फोड करून सांगू नका आणि थट्टा तर होऊच देऊ नका. तिला एकटीला, सवडीने विचारा, "तुला काय नाव आवडेल, बाळ?" लगेच उत्तर येणार नाही. चार दिवस जाऊ द्या. ते नाव तिने सांगितले की घरी जा. आईबापांशी बोलाच, पण आजीशी आधी बोला, कारण पुष्कळदा नाव तिनेच ठेवलेले असते. तिला दोष देऊ नका. तिच्या काळी मुलगा नसलेल्या बाईचे काय हाल होत, ते तिने पाहिलेले असते. भीतीने ठेवलेले नाव मायेनेच बदलते.

कागदांचे काम मात्र नीट करा. शाळेच्या जनरल रजिस्टरातले नाव आपल्या मनाने खोडून दुसरे लिहिता येत नाही, त्याला पालकांचा अर्ज आणि शिक्षण खात्याची मंजुरी लागते. सरकारी राजपत्रात नावबदलाची नोंद पालकांना मुलीच्या वतीने करता येते. जन्माच्या नोंदीत मुलीचे नाव घातलेलेच नसेल, तर ग्रामपंचायतीत अर्ज करून ते नोंदवून घ्यावे, त्याला मुदत असते म्हणून आळस करू नये. मग आधार, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक सगळीकडे एकच नाव करून घ्या. हे सारे दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी झाले तर उत्तम. नाही तर प्रमाणपत्रावर जुने नाव छापून येते आणि मुलीला ऑफिसांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

एक पथ्य पाळा. एखादी साठीची नकुसाबाई असेल, जिने त्याच नावाने शेत सांभाळले, पोरे वाढवली, बचत गट चालवला, तिच्याकडे जाऊन "तुमचं नाव वाईट आहे, बदला" असे म्हणू नका. तिने त्या नावाला आपल्या कष्टाने मान मिळवून दिला आहे. ठेवायचे की बदलायचे, हे तिचे तिने ठरवावे. आपण विचारावे, लादू नये. लादलेल्या नावाचीच तर ही सारी गोष्ट आहे.

आणि शेवटी घरच्या मंडळींना एक सांगणे. नाव बदलले आणि वागणे तेच राहिले, तर 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' असे व्हायचे. मुलीला ऐश्वर्या म्हणायचे आणि दूध भावाच्या वाटीत ओतायचे, तिला सावित्री म्हणायचे आणि सातवीनंतर शाळेतून काढायचे, तर कागदावर बदलले ते नाव, घरात नकुशी ती नकुशीच. ताटात सारखे वाढा, शाळेत सारखे शिकवा, आजारी पडली तर मुलाइतक्याच तातडीने डॉक्टरकडे न्या. तसे केलेत तर ती हाक न मारताही ओळखेल, की आपण या घराला हव्या आहोत.

उद्या सकाळी हजेरी घ्याल तेव्हा पट एकदा सावकाश वाचा. एखादी नकुशी दिसली तर तिच्या 'हजर' या शब्दाकडे लक्ष द्या. आपण नको म्हटले तरी ती आलेली आहे. आता तिला काय म्हणून हाक मारायची, ते तिला विचारा.